पक्ष्यांचे फोटो दाखवावेत कसे, अभिप्राय घ्यावा कसा: कोकणातल्या नवशिक्यांसाठी

थंडीत भाट्याच्या पुळणीवर चिखल्यांचा थवा उतरलेला असतो. तुम्ही फोटो काढता, घरी येऊन त्यातला एक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता. संध्याकाळपर्यंत पंधरावीस अंगठे येतात, चारपाच ‘अप्रतिम’, एखादं ‘झक्कास’ आणि कुणा जाणत्याचं एक वाक्य: ‘थोडा सॉफ्ट आहे.’ अंगठ्यांतून काही शिकायला मिळत नाही. ‘सॉफ्ट’मधून, म्हणजे फोटो पुरेसा रेखीव नाही या शेऱ्यातून, मिळालं असतं, पण तो सॉफ्ट का झाला आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे त्यात कुणी सांगितलेलं नसतं. मग नवीन माणूस एक तर अंगठ्यांवरच समाधान मानतो, नाहीतर महागडी लेन्स घेतो आणि तसलेच फोटो जास्त मोठे काढतो.

मी या दोन्ही प्रकारची माणसं भरपूर पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या फोटोवर ज्या सूचना येतात, त्यांतल्या बहुतेकींचं उत्तर संगणकावर सापडत नाही. ते वेळेत, भरतीत, उन्हाच्या दिशेत आणि आपण उभे होतो की बसलो होतो यात असतं. तेव्हा फोटोबरोबर तो काढतानाची परिस्थितीही समोरच्याला कळली पाहिजे. ती कळली तरच तो उपयोगी काही सांगू शकतो.

आधी जवळ काय हवं

- फोटोची मूळ फाइल, जमल्यास रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली, कच्ची. मोबाइलवर काढला असेल तर न छाटलेला फोटो.
- शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा होता), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं होतं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ही माहिती. ती फाइलमध्येच असते, फक्त बघायची सवय लावा.
- खिशात मावेल अशी वही.
- भरती-ओहोटीचं कोष्टक, आणि ते नसेल तर भिंतीवरची तिथीची दिनदर्शिका. ती कशाला, ते पुढे येईल.
- पक्षी ओळखायचं एक चांगलं पुस्तक. मर्लिनसारखं अॅप मदतीला ठीक आहे, पण त्याचा शब्द शेवटचा मानू नका.
- फोटो बघायला मोबाइलपेक्षा मोठा पडदा. शेजाऱ्याचा जुना लॅपटॉपही चालेल.

१. कुणाला दाखवायचं ते ठरवा

दोनशे जणांच्या ग्रुपवर अभिप्राय मिळत नाही, शिष्टाचार मिळतो. चार-पाच माणसं शोधा. ती सगळी उत्तम फोटोग्राफर असायला हवीत असं नाही. एखाद्याला कॅमेरा कळतो, एखादीला पक्षी कळतात, पण तिच्याकडे कॅमेराच नसतो. तिसरा माणूस बहुतेक जण विसरतात: ज्याला ती जागा कळते. रापण ओढणारे, खाडीत कालवं काढणाऱ्या बायका, तरीवरचा माणूस. कुरव, म्हणजे गल, कुठल्या वेळी जाळ्याजवळ येतात आणि समुद्री गरुड रोज कुठल्या सुरूच्या झाडावर येऊन बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवा. ‘ह्यो हयसर नाय बसणा’ एवढ्या एका वाक्यात पुढच्या रविवारची जागा ठरते.

ओळखी व्हायला सोपा काळ म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा ५ तारखेचा आणि डॉ. सालिम अली यांचा १२ तारखेचा जन्मदिवस धरून महाराष्ट्रात तो साजरा होतो. त्या आठवड्यात पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. अशा फेरीत बघून ठेवा की कोण शांत उभं राहतं, कोण पक्ष्यांच्या मागे धावतं. अभिप्राय पहिल्या प्रकारच्या माणसाकडून घ्या.

२. फोटो एकच निवडा

बटण दाबून धरलं की एका बर्स्टमध्ये पन्नास फोटो येतात आणि त्यातले सहा टाकायचा मोह होतो. सहा टाकले की लोक म्हणतात ‘तिसरा छान’, आणि विषय संपतो. निवड हा अर्धा अभ्यास आहे, तो दुसऱ्यावर ढकलू नका.

चाळताना आधी डोळा बघा. शंभर टक्के मोठा करून डोळा शार्प नसेल तर तो फोटो बाजूला, मग पंख कितीही सुंदर असोत. नंतर डोकं: ते किंचित तरी आपल्याकडे वळलेलं हवं. पलीकडे वळलेल्या डोक्याचा फोटो बघणाऱ्याला पक्षी उठून चालल्यासारखा वाटतो. मग उजेड, मग पंखांची ठेवण, मग मागची बाजू. ज्या दिवशी काढला त्याच रात्री निवडू नका. त्या रात्री तुम्हाला पक्षी दिसल्याचा आनंद झालेला असतो आणि तो फोटोत नसतो.

याला अपवाद एकच. प्रश्न ओळखीचा असेल तर जितके कोन असतील तितके द्या, अगदी धूसरही. वाळूवरचे चिखल्या ओळखताना चोचीची लांबी आणि जाडी महत्त्वाची असते आणि ती एका फोटोत फसवते.

३. हात कमी लावा आणि मूळ फोटो सोबत ठेवा

क्षितिज सरळ करा. किनाऱ्यावरच्या फोटोत समुद्राची रेषा तिरकी असली की पाणी एका बाजूला सांडेल असं वाटतं, आणि मग दुसरं काही कुणाला दिसत नाही. गरजेपुरतं छाटा, उजेड थोडा सारखा करा आणि थांबा.

रंग वाढवण्याबद्दल मात्र मी कडक आहे. सुरय म्हणजे टर्न. लेसर क्रेस्टेड टर्नची चोच नारिंगी असते, ग्रेटर क्रेस्टेड टर्नची लिंबासारखी पिवळी. हे दोन्ही सुरय आपल्या किनाऱ्यावर दिसतात आणि लांबून चोचीच्या रंगावरच भिस्त असते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा गरम-थंड कल) जरा उबदार केला, वर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ढकललं, की पिवळी चोच नारिंगी होते आणि जाणकारही फसतो. ओळखीसाठी फोटो द्यायचा असेल तर रंगांना हातच लावू नका.

नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, काढायची नवी साधनं भलतीच हुशार आहेत. ती पिसांच्या जागी पिसांसारखं काहीतरी काढून देतात. छातीवरच्या बारीक रेघा, ज्यांवरून तुतवाराची जात ठरते, त्या गुळगुळीत होतात. जास्त शार्प केलं की आकाशातल्या घारीभोवती पांढरी कड उमटते. आणि समोरची फांदी, जाळ्याचा दोर, प्लास्टिकची बाटली पुसली असेल तर तसं लिहा. न सांगता पुसलेलं कळतंच, आणि मग तुमच्या पुढच्या चांगल्या फोटोवरही लोक शंका घेतात.

न छाटलेला मूळ फोटो दुसऱ्या क्रमांकावर जोडा. तुम्ही किती लांब होता, आजूबाजूला काय होतं, बाकीचा थवा कुठल्या दिशेला होता हे त्यातूनच दिसतं. अभिप्राय देणाऱ्याला सजवलेल्या फोटोपेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

४. फाइल

लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग, रंगांसाठी एसआरजीबी. अॅडोबी आरजीबीमध्ये पाठवलेला फोटो बऱ्याच मोबाइलवर फिका दिसतो आणि ‘रंग मेलेत’ असा फुकटचा शेरा मिळतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, मग बारीक पिसांबद्दल कुणी काय बोलणार? डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पण इथे एक सापळा आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये सगळी आतली माहिती जशीच्या तशी जाते. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा जातात. समुद्री गरुडाचं झाड गावाबाहेर कळू द्यायचं नसेल तर ते आधी काढून टाका.

फोटोवर स्वतःचं नाव घालायचं तर कोपऱ्यात, लहान. हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क नाव न घालताही तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पक्ष्याच्या छातीवरून आडवं नाव लिहिलेल्या फोटोवर अभिप्राय मागणं म्हणजे झाकलेल्या ताटाची चव विचारणं आहे.

५. फोटोखाली चार ओळी लिहा

‘कसा वाटला?’ हा प्रश्न नाही. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. असं काहीतरी लिहून बघा:

*काळा समुद्री बगळा. भाट्ये खाडीचं तोंड, रत्नागिरी. जानेवारी, सकाळी पावणेआठ, पाणी भरायला लागलं होतं. ४०० मिमी, १/१२५० सेकंद, एफ/६.३, आयएसओ ६४०. मी बंधाऱ्यावर उभी होते, बगळा खाली चिखलात, चाळीसेक पावलांवर. मासा पकडायला पंख पसरून धावत होता. प्रश्न: अंगावरच्या काळ्यात पिसं दिसत नाहीत, उजळवलं तर चिखल पांढरा पडतो. काढतानाच काय वेगळं करता आलं असतं?*

यातलं प्रत्येक कलम कामाचं आहे. ‘बंधाऱ्यावर उभी होते’ वाचल्याबरोबर जाणता माणूस सांगेल, खाली उतरा. ‘पावणेआठ’ वाचून सूर्य कुठे होता ते त्याला कळेल. ‘पाणी भरायला लागलं होतं’ यावरून तो म्हणेल, अर्धा तास थांबला असता तर बगळाच जवळ आला असता. आणि प्रश्न एकच विचारला की उत्तरही मुद्द्याचं येतं.

मोठ्या माणसाला थेट पाठवताना आधी विचारा. ‘काका, सवडीने एक फोटो बघाल का? डोळ्याच्या फोकसबद्दल विचारायचंय’ एवढं पुरतं. न विचारता वीस फोटो धाडले की काकांचं उत्तर ‘मस्त’ असतं, आणि ते बरोबरच आहे.

६. शेरा आला. आता त्याचा अर्थ लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेरे ठरावीक असतात, पण आपल्या किनाऱ्यावर त्यांची कारणं वेगळी निघतात.

‘सॉफ्ट आहे.’ याची निदान चार कारणं असू शकतात, आणि मूळ फोटो मोठा करून पाहिला तर ती वेगळी ओळखता येतात. सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर शटर कमी पडला. बसलेल्या पक्ष्याला १/५०० चालून जाईल, पण उडत्या सुरयला १/२००० लागतो. पक्ष्याच्या पुढची किंवा मागची वाळू शार्प असेल तर फोकस चुकला. काहीच शार्प नाही आणि कडा लहरत आहेत असं वाटलं तर ती तापलेल्या वाळूवरची हवा आहे. नऊ-साडेनऊनंतर पुळणीवरून लांबचा फोटो घेतला की कितीही महाग लेन्स असली तरी हेच होणार. जवळ जाणं किंवा लवकर येणं हेच उपाय. आणि सगळा फोटो दुधट, कुठेच खरा काळा नाही, असं दिसलं तर पुढची काच बघा. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर पापुद्रा बसतो. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तरी काचेवर वाफ धरते. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या.

‘पांढरं जळलंय.’ बगळे, कुरव, सुरय म्हणजे पांढऱ्याचाच कारभार. मागे काळा चिखल किंवा कांदळवन असलं की कॅमेरा सगळं उजळवायला जातो आणि बगळ्याच्या पाठीवरची पिसं जातात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय कॅमेऱ्यात चालू ठेवा. उजळ आकाशातल्या ब्राह्मणी घारीला उलट करायचं: एक स्टॉप वर. काळ्या बगळ्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच जवळपास आहे. पिसं उजेडाने दिसतात, संगणकाने नाही. कोवळं ऊन त्याच्या अंगावर एका बाजूने पडेल अशी जागा धरायची.

‘अँगल खाली घ्या.’ म्हणजे झोपा. पुळणीवर प्लास्टिकचा कागद टाकून पोटावर झोपल्याशिवाय चिखल्याचा फोटो होत नाही, हे मान्य करून टाका. वरून काढलेल्या फोटोत पक्षी वाळूत चिकटलेला दिसतो. झोपून काढला की मागची वाळू विरघळते आणि पक्षी सुटा होतो. शिवाय झोपलेल्या माणसाची पक्ष्यांना भीती कमी वाटते.

‘उजेड उलटा आहे.’ आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य जमिनीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि पाण्याच्या कडेला असलेल्या पक्ष्यांवर समोरून ऊन पडतं. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. एखादी आकृती सुंदर दिसते, रोज नाही. पिसांचे तपशील हवे असतील तर सकाळच धरा.

सकाळ धरायची तर पाणी कुठे असेल तेही बघायला हवं, आणि तिथे आजीचा हिशोब कामी येतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाचच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं असतं आणि सात ते नऊ या वेळात ते चढत येतं. चिखलात पसरलेले पक्षी पाण्याबरोबर सरकत आपल्याकडे येतात, तेही समोरून उन्हात. पुढच्या द्वितीया-तृतीयेपर्यंत हा योग टिकतो, फक्त रोज पाऊणएक तास उशिरा. अष्टमीच्या आसपास उलटं: सकाळी पाणी उतरत जातं आणि पक्षी त्याच्यामागे लांब जातात. हा अंदाज आहे. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून आपल्या बंदराचं कोष्टक एकदा ताडून घ्या. आणि उधाणाच्या दिवशी परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, तेही.

‘क्रॉप फार आहे.’ म्हणजे फोटो फार छाटलाय, तुम्ही लांब होता. लोक इथे लेन्सच्या किमती सांगायला लागतात. तिकडे लक्ष देऊ नका. वर सांगितलेल्या दिवशी पाण्याच्या कडेच्या थोडं वर जाऊन बसा आणि हलू नका.

‘बॅकग्राउंड गिचमिड आहे.’ हा शेरा मी निम्म्या वेळा मानत नाही. हिरव्या-तपकिरी गुळगुळीत पडद्यासमोरचा पक्षी स्पर्धेत जातो हे खरं, पण मिरकरवाड्याच्या बंदरात निळ्या-केशरी होड्यांच्या गर्दीवरून झेपावणारी ब्राह्मणी घार हा कोकणाचा फोटो आहे. तिथे होड्या पुसून काय उरणार? मात्र पक्ष्याच्या डोक्यातून काठी उगवलेली दिसत असेल तर शेरा बरोबर. दोन पावलं बाजूला सरकायला हवं होतं.

‘हा तो पक्षी नाही.’ याचं वाईट वाटून घेऊ नका, हा सगळ्यात मोलाचा शेरा आहे. पांढऱ्या रूपातला समुद्री बगळा आणि लहान बगळा यांची गफलत नेहमीची. ब्राह्मणी घारीचं तपकिरी पिल्लू नेहमीची घार म्हणून खपतं. त्यात शेपूट बघायची: साध्या घारीची मध्ये खाच असलेली, ब्राह्मणीची गोल. जुन्या पुस्तकातला लेसर सँड प्लोव्हर हा चिखल्या आता दोन जातींत विभागला गेला आहे, त्यामुळे कुणी ‘तिबेटन’ म्हटलं तर वाद घालण्याआधी नवी यादी बघा. ओळख बदलली की ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेली नोंदही दुरुस्त करा, नाहीतर चूक तिथे कायमची राहते.

७. तिरकस बोलणं आणि दोन मतं

कोकणात सरळ बोलणं जरा बेचव समजतात. ‘फोटो चांगला आहे हो, पक्षी कुठे उडाला?’ असं एखादे भाऊ म्हणतील. रागावू नका. यातली माहिती अशी की पक्षी फ्रेममध्ये फार लहान आहे किंवा मागच्या बाजूत मिसळला आहे. विचारा, ‘भाऊ, लहान वाटतो की मिसळतो?’ खवचट माणसाला नेमका प्रश्न विचारला की तो एकदम उत्तम मास्तर होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक जण म्हणतो छाटा, दुसरी म्हणते छाटू नका. दोन्ही करून बघा, मूळ फाइल आहेच. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तीच गोष्ट सांगितली तर ती धरा. शेऱ्याला लगेच उत्तर देऊ नका. ‘तेव्हा वारा होता, ऊन होतं, पक्षी घाबरला’ ही यादी फोटोखाली आधीच लिहायची असते. शेऱ्यानंतर लिहिली की ती तक्रार होते.

८. परत तिथेच जा

वहीत एक सूचना लिहा आणि पुढच्या फेरीला तेवढीच पाळा. जागा तीच, जमल्यास पक्षी तोच. सुदैवाने थंडीतले पाहुणे जागा फारशी सोडत नाहीत: ऑक्टोबरात उतरलेला चिखल्यांचा थवा बहुधा मार्चपर्यंत त्याच पुळणीवर भेटतो. नव्या-नव्या जागांच्या मागे लागणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. मग जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी ठेवून ज्याने सूचना दिली त्यालाच पाठवा. लोकांना आपण दिलेला सल्ला कुणी पाळल्याचं क्वचितच कळतं. ते कळलं की पुढच्या वेळी ते जास्त बारकाईने बघतात.

९. जे दाखवायचंच नाही

घरट्याचे फोटो टाकू नका. तिबोटी खंड्या आणि नवरंग पावसाळ्यात घरटी करतात, आणि जून उजाडला की कॅमेरे घेऊन गाड्या निघतात. एकाने ओहोळाकाठची जागा सांगितली की आठवड्यात तिथे पायवाट पडते. चारा घेऊन आलेला खंड्या माणसं बघून फांदीवर ताटकळतो आणि बिळात पिल्लं उपाशी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणं येतं, हेही लक्षात असू द्या. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत आणि ती विकण्यासाठी चोरली गेल्याचा इतिहास आहे. तिथली नेमकी जागा फोटोखाली लिहिण्याचं काही कारण नाही. गरुड, धनेश, घुबड यांच्या बाबतीत तालुका लिहिला तरी पुष्कळ झालं.

आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून बोलावलेला पक्षी, मांडव्याच्या लाँचवर चिप्स टाकून जवळ आणलेले कुरव, धावत जाऊन उडवलेला थवा: असे फोटो कितीही शार्प असले तरी त्यांच्याबद्दल विचारलं जाईल, आणि विचारलं जायला हवं. परतीच्या प्रवासाआधी हे पक्षी अंगावर चरबी साठवत असतात, दर वेळी उडवल्याने ती खर्च होते. फोटो कसा मिळाला ते खरं लिहा.

१०. दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना

पाच-सहा महिने अभिप्राय घेतलात की द्यायलाही लागा, नाहीतर ग्रुपमधले देणारे दमतात. आधी काय दिसलं ते सांगा: ‘बगळ्याच्या पायाशी मासा उडालाय, तो क्षण चांगला मिळाला.’ मग एकच सूचना, पुढच्या वेळी करता येईल अशी. न विचारलेल्या दहा चुका दाखवणाऱ्याला लोक दुरूनच ‘सर’ म्हणतात.

शाळेतल्या मुलाने आईच्या मोबाइलवर काढलेला खंड्या टाकला तर आयएसओ काढू नका. कुठे बसला होता, काय खाल्लं, किती वेळ होता हे विचारा. मोबाइलवाल्याला लांबचा पक्षी मोठा करता येत नाही, पण जागेसकट पक्षी दाखवता येतो. विजेच्या तारेवरचा वेडा राघू, मागे कौलारू घर, ही त्याची बाजू आहे.

११. पावसाळ्यातलं काम

पावसाळ्यात पुळणीवरचे बरेचसे पाहुणे गेलेले असतात आणि बाहेर पडणंही कमी होतं. हीच वेळ सगळ्यांनी कुणाच्या तरी पडवीत लॅपटॉप घेऊन बसायची. थंडीतले फोटो मोठ्या पडद्यावर बघताना जे कळतं ते मोबाइलवर कधी कळत नाही. शक्य झाल्यास दोन-तीन फोटो आठ बाय बारा इंचांच्या कागदावर छापून आणा. छापल्यावर काळे भाग किती गडद पडतात ते बघून संगणकाचा पडदा किती उजळ ठेवला होता ते कळतं. त्या बैठकीत प्रत्येकाने स्वतःचा एक बाद केलेला फोटोही आणावा, असं मी सुचवते. तो का बाद केला यावर चर्चा जास्त रंगते.

आणि येताना लेन्स घेऊन या. काचेतून टॉर्च मारून एकमेकांच्या लेन्स तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती तंत्रज्ञाकडे द्या, स्वतः उघडू नका. कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवणं धोक्याचं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल एवढ्यावर काम भागतं. निळं जेल गुलाबी झालं की ओल भरली असं समजायचं, मंद आचेवर परतून निळं करायचं, थंड झालं की पुन्हा डब्यात. परतायचं भांडं मात्र वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं वापरू नका.